काळा पडदा

नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी खापा हे गाव वसले आहे. विणकरांचे गाव ही त्याची जुनी ओळख. एके काळी कोष्ट्यांच्या वस्तीतून जाणाऱ्या वाटसरूच्या कानांवर घरोघरच्या हातमागांचा खटखट आवाज पडत असे. पुढे काळ पालटला. गिरणीच्या कापडापुढे हातमागाचा टिकाव लागेना. काहींनी शेतीची वाट धरली, काही जवळच्या गुमगावच्या मँगनीजच्या खाणीत कामाला लागले आणि एकेक माग मुका होत गेला.

अशाच एका घराच्या ओसरीवर पूर्वी खड्डामाग होता. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसे आणि पायांनी पावड्या दाबीत हातांनी धोटा फेकी. माग गेला, खड्डा बुजवला गेला आणि त्यावर फरशी बसली. त्या फरशीवर आता एक लाकडी मेज होते व मेजावर नागपुरातून विकत आणलेला जुना संगणक होता. घरातले आबाजी कधी कधी त्या मेजाकडे पाहून म्हणत, "जागा तीच आहे. तेव्हा तिथे पाय दुखत, आता तिथे डोळे दुखतात!"

भाद्रपद महिना होता. आठ दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. भिंतींना ओल आली होती, काड्यापेटीची काडी पेटत नव्हती, मीठ पाझरत होते. त्या संध्याकाळी आईने हातातले काम लौकर आटोपले व ती संगणकापुढे येऊन बसली. गावातल्या पंधरा स्त्रियांच्या बचत गटाचा हिशेब तिच्याकडे होता. कोणी भाजी विकून, कोणी शिवणकाम करून, तर कोणी शेतावर मजुरी करून महिन्याकाठी गटात पैसे भरी. त्या पैशांची दोन वर्षांची नोंद त्या संगणकात होती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गटाची बैठक होती. बँकेचे अधिकारी हिशेब पाहण्यास येणार होते आणि हिशेब चोख निघाला तरच गटाला कर्ज मिळणार होते.

आईने कळ दाबली. पेटीतला पंखा घरघरला, पेटीवरचा हिरवा दिवा लागला. परंतु समोरचा पडदा काळाच राहिला. तिने थोडा वेळ वाट पाहिली. कळ दाबून यंत्र बंद केले व पुन्हा सुरू केले. पुन्हा तेच. पंखा चालू, दिवा चालू आणि पडदा मात्र अमावास्येच्या रात्रीसारखा काळा.

"गेला! सगळा हिशेब गेला!" आई कपाळाला हात लावून म्हणाली आणि लगेच तिची नजर सहावीत शिकणाऱ्या धाकट्याकडे वळली. "काल हे मेज कोणी ओढले होते?"

धाकट्याने मान खाली घातली. आदल्या दिवशी त्याचा चेंडू घरंगळत मेजाच्या मागे गेला होता. तो काढण्यासाठी त्याने मेज ओढले होते, हे खरे होते. आईने हटकल्यावर ते तसेच सोडून तो पळाला होता, हेही खरे होते.

"मी फक्त थोडेसेच ओढले," तो पुटपुटला.

"थोडेसेच! पंधरा घरांचा पैसा आहे त्यात. उद्या त्या बायांना मी काय तोंड दाखवू?"

मुलाच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. तो उठला आणि मेजाखालच्या कोपऱ्यात, संगणकाच्या पेटीला खेटून, गुडघ्यांत तोंड घालून बसला. काही मोडले की आपण आधी मोडणाऱ्याचा शोध घेतो. काय मोडले याची चौकशी मागाहून होते. त्या घरातही नेमके तसेच झाले. यंत्राला काय झाले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, पण ते कोणी केले याचा निकाल मात्र लागून गेला होता.

नववीत शिकणारी ताई आतून धावत आली. शाळेत ती संगणक शिकत होती. तिने येताच घाईघाईने सगळ्या तारा हलवून पाहण्यास सुरुवात केली. ही दाब, ती ओढ, तिसरी काढून पुन्हा लाव. तेव्हा इतका वेळ बाजेवर स्वस्थ बसलेले आबाजी म्हणाले, "थांब पोरी. असे गुंता सोडवत नसतात. गुंता वाढवतात."

"मग काय करू, आबाजी?"

"ताण्याचा एक धागा तुटला, की कापडावर उभी रेघ पडते. रेघ दिसते पुढे, पण धागा तुटलेला असतो मागे. विणकर रेघेला बोट लावून मागे मागे जातो. कापडातून फणीत आणि फणीतून मागच्या ताण्यात. जिथे टोक सापडते तिथे गाठ मारतो. ताण्यात धागे असतात हजारांवर. सगळ्यांना हात लावील तर धडके असलेले चार आणखी तोडील. तुझ्या या यंत्रात धागा कुठून कुठे जातो, ते मला आधी सांग."

आबाजींनी मागाची उपमा सहज दिली होती. पण माग आणि संगणक यांचे नाते त्यांना वाटत होते त्याहून जवळचे आहे. १८०४ साली फ्रान्समधील जाकार नावाच्या कारागिराने असा माग तयार केला, की ज्यात कोणते धागे उचलायचे हे भोके पाडलेली पुठ्ठ्याची पाने ठरवीत. पाने बदलली की कापडावरची नक्षी बदले. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने गणिते करणाऱ्या यंत्राची योजना आखली, तेव्हा यंत्राला आज्ञा देण्यासाठी हीच भोकांची पाने वापरण्याचे त्याने योजले. त्याचे ते यंत्र पुरे झाले नाही. परंतु विणकराच्या पुठ्ठ्यावरून गणिताच्या यंत्रापर्यंत वाट मात्र पडली. तेव्हा बुजवलेल्या मागाच्या जागी संगणक येऊन बसला, यात फारसे नवल नाही.

ताईने बोटे मोजीत सांगितले, "भिंतीतून वीज येते ती पेटीत. पेटीत एक लहान डबा आहे, तो विजेचे रूप बदलतो. तिथून वीज जाते मोठ्या पाटीला, तिला मदरबोर्ड म्हणतात. त्या पाटीवर प्रोसेसर आहे आणि रॅम आहे. चित्र तिथे तयार होते, या निळ्या टोकाच्या तारेतून पडद्याकडे येते आणि पडदा ते दाखवतो."

"म्हणजे पडदा हे कापड झाले. तर मग कापडापासून निघ आणि मागे जा. एका वेळी एकच धागा."

ताईने प्रथम पडद्याकडे पाहिले. त्याच्या खालच्या कडेवर एक बारीक दिवा होता. तो विझलेला नव्हता, तर नारिंगी रंगाने जळत होता. तिने पडद्याची कळ बंद करून पुन्हा दाबली. क्षणभर पडदा उजळला, त्यावर बनवणाऱ्याचे नाव दिसले, मग 'पॉवर सेव्हिंग' अशी इंग्रजी अक्षरे आली आणि पुन्हा अंधार झाला. ही एवढीशी गोष्ट फार बोलकी होती. जो पडदा स्वतःचे नाव दाखवू शकतो तो आंधळा नाही. त्याला वीज मिळते आहे, त्याचा दिवा जळतो आहे. फक्त दाखवण्यासारखे काही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तो झोपी जात आहे.

हे 'दिवा जळतो आहे' म्हणणे अगदी शब्दशः खरे असते. अशा सपाट पडद्यातले चित्र स्वतः प्रकाश देत नाही. चित्राच्या मागे दिवे असतात आणि पुढे द्रव-स्फटिकाचा एक अत्यंत पातळ थर असतो. विजेच्या इशाऱ्याने तो थर कोठे प्रकाश जाऊ देतो, कोठे अडवतो. त्यातून चित्र उमटते. १८८८ साली फ्रीड्रिख रायनित्झर हा ऑस्ट्रियाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या एका द्रव्याचा अभ्यास करीत असता त्याला आढळले, की तापवल्यावर ते द्रव्य दोनदा वितळते. आधी गढूळ होते व आणखी तापवल्यावर निवळते. त्या गढूळ अवस्थेत ते धड घनही नसते आणि धड द्रवही नसते. गाजराची ही गंमत पुढे जगभरच्या घड्याळांत, दूरध्वनींत आणि संगणकांत शिरेल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आले नसेल! कधी कधी पडद्यामागचा दिवाच तेवढा जातो व चित्र अंधारात तयार होत राहते. अशा वेळी विजेरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकला तर ते चित्र अस्पष्ट दिसू लागते. ताईने तेही करून पाहिले. विजेरीच्या उजेडात तिला केवळ स्वतःचा चेहरा दिसला.

आता पाळी आली निळ्या टोकाच्या तारेची. याच तारेविषयी धाकट्यावर आळ होता. मेज ओढताना ती ताणली गेली असावी आणि सैल झाली असावी, असे आईचे म्हणणे होते. ताईने मागे वाकून पाहिले. तारेच्या टोकाचे दोन्ही स्क्रू घट्ट होते. तिने ते सोडवले आणि तार काढली. त्याबरोबर एक अनपेक्षित गोष्ट घडली. पडदा जागा झाला आणि त्यावर 'चेक सिग्नल केबल', म्हणजे 'तार तपासा', अशी अक्षरे फिरू लागली.

ताई क्षणभर थबकली. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "आई, हे बघ! तार निघाली असती तर पडद्याने असे सांगितले असते. मघाशी त्याने असे काही सांगितले का?"

"नाही," आई म्हणाली.

"म्हणजे मघाशी तार जागेवर होती. त्याने ती काढली नव्हती."

मेजाखालून नाक ओढल्याचा आवाज आला. आई काही बोलली नाही.

तारेच्या टोकाशी तीन ओळींत बारीक पिना असतात. एखादी वाकली तरी चित्र बिघडते. त्या साऱ्या सरळ होत्या. पण बाहेरून धड दिसणारी तार आतून तुटलेली असू शकते. यावर उपाय एकच, तो म्हणजे चांगली असल्याची खात्री असलेली दुसरी तार लावून पाहणे. "शेजारच्या काकांकडे अशीच तार आहे," ताई म्हणाली मात्र, कोपऱ्यातला आरोपी टुणकन उठला आणि डोक्यावर पोते घेऊन पावसात पळालादेखील. पाच मिनिटांत तो शर्टाच्या आत तार लपवून, चिंब भिजून परत आला. ताईने ती तार लावली. पडदा काळाच राहिला.

मुलाचा चेहरा पुन्हा उतरला. परंतु आबाजी समाधानाने म्हणाले, "ठीक झाले. पडदा सुटला, तार सुटली. धागा पेटीच्या आत तुटला आहे. आता तिथेच शोधायचे."

तेवढ्यात बाबा खाणीतली पाळी संपवून घरी आले. त्यांनी सगळा प्रकार ऐकून घेतला. "पेटी उघडायची तर माझ्यासमोर," ते म्हणाले, "आणि आधी बटण बंद करून वायर भिंतीतून काढायची." खाणीत काम करणाऱ्या माणसाला यंत्राचा धाक असतो आणि तो असावाच लागतो. घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. पेटीतला लहान डबा तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा सौम्य विजेत रूपांतर करतो. परंतु त्या डब्याच्या पोटात वीज साठवणारे भाग असतात आणि भिंतीतली वायर काढल्यानंतरही ते काही काळ भारलेले राहतात. म्हणून तो डबा घरी कधीच उघडायचा नसतो. जुन्या काळचे मागे फुगीर असलेले, काचेच्या नळीचे पडदे तर याहून घातक. त्यांच्या नळीला हजारो व्होल्ट लागत.

वायर काढण्यापूर्वी शेवटचे एकदा म्हणून ताईने यंत्र सुरू केले. आई काकुळतीने विचारत होती, "पण हिशेब राहिला असेल का ग आत?" ताई समजावीत होती, "आई, हिशेब तबकडीवर लिहिलेला असतो. हार्ड डिस्क म्हणतात तिला. रॅम ही पाटीसारखी आहे, वीज गेली की पुसली जाते. तबकडी वहीसारखी आहे. घरात अंधार झाला म्हणून वहीतली अक्षरे पुसली जातात का?" आईला ते पटले आणि पटलेही नाही. डोळ्यांना दिसेपर्यंत पैशाच्या बाबतीत कोणाचे मन निश्चिंत होते!

बाहेर पावसाची सर अचानक ओसरली. इतका वेळ पत्र्यावर ताशा वाजत होता, तो थांबला. घरात शांतता पसरली आणि त्या शांततेत मेजाखालून धाकट्याचा आवाज आला, "आबाजी, ही पेटी काही म्हणते जी."

सगळ्यांनी कान दिले. पेटीतून खरोखरच एक बारीक सूर निघत होता. लांब 'पीऽऽप', मग विराम; पुन्हा 'पीऽऽप', पुन्हा विराम. पत्र्यावरच्या पावसात तो इतका वेळ कोणाला ऐकू आला नव्हता. पेटीला खेटून बसलेल्या मुलाच्याच कानांवर तो पडला.

"रोज सुरू करताना ती एकदाच 'पिक्' करते," तो म्हणाला. "आज रडते आहे."

त्याचे म्हणणे अचूक होते. संगणक सुरू होताच प्रोसेसर आधी एक छोटा कार्यक्रम वाचतो. तो पाटीवरच्या एका चिपमध्ये कायमचा लिहिलेला असतो. या कार्यक्रमाचे पहिले काम म्हणजे स्वतःची तपासणी: रॅम आहे का, ती उत्तर देते का, चित्र काढणारा भाग जागा आहे का. ही तपासणी पार पडल्यावाचून पडद्यावर अक्षरही उमटत नाही. मग दोष सापडला तर यंत्राने तो सांगावा कसा? डोळे उघडण्याआधीच दुखणे जडलेल्या तान्ह्या मुलासारखी त्याची स्थिती असते. म्हणून कित्येक संगणकांच्या पेटीत एक लहानसा ध्वनिक्षेपक बसवलेला असतो. पडदा मुका असला तर यंत्र आवाजाने सांगते. कोणत्या दुखण्याला किती व केवढे सूर, हे निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळे ठरवले आहे; त्यामुळे एका यंत्राची भाषा दुसऱ्याला लावून चालत नाही.

बाबांनी कपाटातून संगणकाबरोबर आलेली पिवळी पडलेली पुस्तिका शोधून काढली. ताईने बोट फिरवीत कोष्टक वाचले: विराम घेत पुन्हा पुन्हा होणारा लांब सूर म्हणजे रॅममध्ये दोष.

आता वायर काढली गेली. बाबांनी पेटीची बाजू उघडली. आत धुळीचा गालिचा पसरला होता आणि एका कोपऱ्यात दिव्यावर येणारा एक पाखरू मरून पडला होता. पावसाळ्यात असे कित्येक किडे उजेडाच्या ओढीने येतात आणि सापडेल त्या फटीत शिरतात. त्या पाखराकडे पाहून अमेरिकेतील एका प्रसिद्ध पाखराची आठवण होते. ९ सप्टेंबर १९४७ या दिवशी, म्हणजे भारत स्वतंत्र होऊन अवघे पंचवीस दिवस झाले असता, हार्वर्ड विद्यापीठातील 'मार्क टू' या अवाढव्य संगणकात बिघाड झाला. शोध घेता त्याच्या एका विद्युत्-खटक्यात अडकलेला पतंग सापडला. तेथील लोकांनी तो पतंग नोंदवहीत चिकटवला आणि किडा खरोखरच सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा अर्थाची नोंद गमतीने त्याच्यापाशी केली. यंत्रातल्या दोषाला इंग्रजीत 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्याआधीपासूनच होती. म्हणून तर त्यांना ती गंमत सुचली. ती नोंदवही आजही जपून ठेवलेली आहे.

त्या काळचे संगणक खोली भरून असत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा भारतातच बांधलेला संगणक १९६० साली कामाला लागला. त्यात हजारो निर्वात नळ्या होत्या. त्यांतली एखादी बिघडली तर शोधणाऱ्यांचे काय हाल होत असतील, याची कल्पनाच केलेली बरी. खाप्याच्या ओसरीवरच्या पेटीत तपासण्यासारख्या वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पण ज्याचे मन घाबरलेले आहे त्याला त्या हजारांसारख्याच वाटतात.

खाप्यातला तो पाखरू मात्र निर्दोष निघाला. तो रिकाम्या जागी पडला होता. कोणत्याही तारेला त्याचा स्पर्शही नव्हता. ताईने त्याला कागदावर घेऊन बाजूला ठेवले. मऊ कुंचल्याने धूळ झाडली. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावला, कारण हाताला जाणवणारही नाही इतका सूक्ष्म झटका रॅमच्या नाजूक चिपांचा जीव घेऊ शकतो. मग दोन्ही टोकांच्या खिट्या दाबून तिने रॅमची हिरवी पट्टी अलगद वर काढली.

पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची ओळ असते. हे चकाकणारे सोनेच असते. केसाहून कितीतरी पातळ असा त्याचा मुलामा असतो. सोने गंजत नाही म्हणून ते तिथे लावतात. परंतु धूळ, हाताचा घाम आणि पावसाळी ओल यांचा थर सोन्यावरही चढतो आणि तो थर विजेची वाट अडवतो. विजेच्या दिव्यासंबंधी असा अडथळा झाला तर दिवा मिणमिणतो. रॅमसंबंधी झाला तर यंत्राला आपल्याला रॅम आहे हेच कळत नाही.

"खोडरबर आहे का कोणाकडे?" ताईने विचारले.

धाकट्याने दप्तरातून आपली कंपासपेटी आणली आणि नवे, पांढरे शुभ्र खोडरबर काढून दिले. ताईने ते सोनेरी ओळीवर हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी फिरवले. खोडरबराचे कण कोरड्या, मऊ फडक्याने पुसून काढले. पट्टीच्या खाचेशी खोबणीतला उंचवटा जुळवला आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला. 'टक्', एक खिटी बसली. 'टक्', दुसरी बसली.

बाबांनी पेटी बंद केली आणि वायर लावली. आईने कळ दाबण्यासाठी हात पुढे केला व मागे घेतला. "तू दाब," ती ताईला म्हणाली. ताईने धाकट्याकडे पाहिले. त्याने मान हलवली. त्याचे धैर्य झाले नाही. शेवटी आबाजी बाजेवरून उठले आणि त्यांनी आपल्या सुरकुतलेल्या बोटाने कळ दाबली.

पंखा घरघरला. 'पिक्!' एकच आखूड सूर झाला आणि पडदा उजळला.

कोणी ओरडले नाही. सगळे अक्षरे उमटताना पाहत राहिले. आईने थरथरत्या हाताने हिशेबाची फाइल उघडली. पंधरा नावे, चोवीस महिने, सगळे आकडे जागच्या जागी होते. तिने शेवटची बेरीज दोनदा वाचली आणि मगच खुर्चीला पाठ टेकली. बाबांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. आईने त्यावर एक प्रत घेतली आणि त्यावर समाधान न मानता जुनी वही आणून महत्त्वाचे आकडे हातानेही उतरवून घेतले. दोन वर्षांत हे तिने एकदाही केले नव्हते.

लिहिता लिहिता ती थांबली. "तरी पण," ती म्हणाली, "मेज ओढल्याच्या हिसक्यानेच ती पट्टी हलली नसेल कशावरून?"

आबाजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी मेजावरचे खोडरबर उचलून आईच्या हातावर ठेवले. मघाशी पांढरे शुभ्र असलेले ते खोडरबर कडेने काळे झाले होते. "हा मळ एका दिवसाचा आहे का, सूनबाई?"

आईने ते दिव्याजवळ धरून पाहिले.

"तरी खात्री करून घेऊ, मामाजी," ती म्हणाली. पण तिचा स्वर आता बदलला होता. संगणक रीतसर बंद करण्यात आला. ताईने भावाला बोलावले. "काल जसे ओढलेस तसेच ओढ. कमी नाही, जास्त नाही."

मुलगा पुढे झाला. त्याने मेजाची कड दोन्ही हातांनी धरली. फरशीवर मेजाचे पाय करकरले आणि मेज वीतभर पुढे आले. बाबांनी कळ दाबली. 'पिक्!' पडदा पूर्वीसारखाच उजळला. एका खेपेने एखादी गोष्ट पूर्णपणे सिद्ध होते असे शास्त्र म्हणणार नाही. कदाचित आदल्या दिवशी हिसका थोडा अधिक बसला असेल. परंतु ज्या पुराव्यावर त्या मुलाला दोषी ठरवले होते, त्याहून हा पुरावा कितीतरी भक्कम होता.

आईने वही मिटली. ती उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्याच वेळाने तेलाचा चुरचुर आवाज आला आणि गरम भज्यांचा वास ओसरीवर पसरला. पहिली ताटली नेहमी आबाजींपुढे येत असे. त्या दिवशी ती धाकट्याच्या नावाने आली. "पुरे कर रे रुसणे, राजा. चुकलेच माझे," आई दारातूनच म्हणाली.

परंतु ओसरीवर तो दिसेना. तो मेजाच्या मागे, भिंतीच्या फटीत पालथा पडला होता आणि हात लांबवून काहीतरी चाचपडत होता. क्षणभराने त्याचा धुळीने माखलेला हात वर आला. त्या हातात चेंडू होता.